ईराच्या कानासाठी जीन थेरपीची वाट पाहावी की आत्ताच इम्प्लांट करावं?

ईराची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही धायरीला राहतो. लेक ईरा १४ महिन्यांची आहे. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये कानाची तपासणी झाली, ओएई म्हणतात ती. फाईलवर 'पास' असा शिक्का आहे. नवव्या महिन्यात एकदा ओट्यावरून माझ्या हातची परात फरशीवर पडली. एवढा आवाज झाला की शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. ईरा माझ्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती, ती रचतच राहिली. मी तिथेच खाली बसले.

डॉक्टरांकडे गेलो तर फाईल बघून म्हणाले, पास आहे ना, मग कशाला काळजी करता. सासूबाई म्हणाल्या, हिच्या बापालाही वाचा उशिराच फुटली. यात चार महिने गेले. शेवटी दुसरीकडे बेरा, म्हणजे आवाजाचा निरोप कानातून मेंदूकडे जातो का ते बघणारी तपासणी, करून घेतली, दोन्ही कानांत काहीच प्रतिसाद नाही. मग रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये ओटीओएफ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत असं आलंय.

नवऱ्याने रात्रभर जागून वाचून काढलं. नेमक्या याच जनुकावर जीन थेरपी, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची चांगली प्रत शरीरात पोचवायचा उपचार, निघाली आहे, मुलांना ऐकू येऊ लागलंय. तो म्हणतो, थांबू या, कानात तारा कशाला घालायच्या? डॉक्टर म्हणतात, दोन्ही कानांना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आत तारा बसवून मज्जातंतूला थेट आवाजाचे संकेत देणारं यंत्र) करा, लवकर करा. मला झोप नाही. ज्यांना यातलं कळतं किंवा जे यातून गेलेत त्यांनी लिहा, प्लीज.

कसब्यातला_कट्टा

ताई, वाचून गलबलून आलं. माहिती शून्य आहे, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

श्रवणरेषा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, गेली १६ वर्षं पुण्यातच काम करते. आधी त्या 'पास'बद्दल बोलते, कारण हे वाचणारे इतरही आईबाबा असतील.

ओएई तपासणीत आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या पेशींपैकी बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी हलतात की नाही एवढंच कळतं. ओटीओएफच्या बिघाडात या पेशी सुरुवातीला ठणठणीत असतात, म्हणून मशीन पास म्हणतं. अडचण असते आतल्या केसपेशींपाशी. आवाज तिथपर्यंत पोचतो, पेशी तो ओळखतेही, पण पुढे मज्जातंतूला निरोप देत नाही. तो निरोप निघाला की नाही हे बेरा सांगते. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. ज्या बाळांना एनआयसीयूत राहावं लागलं, जबर कावीळ झाली किंवा ज्यांच्या घरात बहिरेपण आहे, त्यांची नुसती ओएई करून थांबू नये, बेरा करावीच. आणि आई जेव्हा म्हणते बाळाला ऐकू येत नाही, तेव्हा शिक्का बाजूला ठेवून आईचं ऐकावं. ईराच्या आई, तुमचं काही चुकलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: थांबू नका. मेंदूतली भाषेची जागा पहिल्या तीन वर्षांत आवाजाची वाट बघत असते. आवाज आलाच नाही तर ती जागा डोळ्यांच्या कामाला लागते. नंतर कान उघडला तरी ऐकलेल्याचा अर्थ लावायला फार कष्ट पडतात.

पेशीपुराण

जीवशास्त्र शिकवतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा भाग, वाटाण्याएवढा, शंखासारखा अडीच वेढ्यांचा. त्यात साधारण १५ हजार केसपेशी, त्यांपैकी आतल्या साडेतीन हजारांच्या आसपास. या आतल्या पेशींत ओटोफर्लिन नावाचं प्रथिन असतं. पोस्ट ऑफिस डोळ्यांपुढे आणा. पत्रं आलीत, वर्गवारी झालीय, शिक्के मारलेत, पण घेऊन जायला पोस्टमन नाही. ओटोफर्लिन म्हणजे तो पोस्टमन. इमारत धड, टेबलं धड, रस्ताही धड. म्हणून शास्त्रज्ञांनी बहिरेपणातला पहिला मान या जनुकाला दिला: फक्त पोस्टमन नेमायचाय.

नेमायचा कसा, तर एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून. पण त्याच्यात जनुकाची जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात आणि ओटोफर्लिनची कृती आहे ६,००० अक्षरांची. पेठेतल्या वाड्याच्या जिन्यातून लाकडी कपाट वर जात नाही, तेव्हा आपण ते सुटं करून नेतो आणि माडीवर जोडतो. तसंच इथे केलं. दोन विषाणूंत दोन अर्धे भाग, पेशीत गेल्यावर जोडणी. हे मिश्रण कॉक्लियातल्या द्रवात थेट सोडतात.

शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने २०२२ च्या डिसेंबरात पहिल्या मुलाला हे दिलं. त्यांचा अहवाल २०२४ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आला: सहा मुलं, त्यांतल्या पाचांना ऐकू येऊ लागलं. २०२५ च्या जुलैत नेचर मेडिसिनमध्ये १० जणांचा अहवाल आला, वय वर्षं १ ते २४. आधी सरासरी १०६ डेसिबलखाली त्यांना काही ऐकू येत नव्हतं, सहा महिन्यांनी ५२ डेसिबलचं ऐकू येऊ लागलं. १०६ म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज, ५२ म्हणजे समोरच्याचं साधं बोलणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रीजेनेरॉन कंपनीच्या औषधाचे निकाल आले, १२ पैकी ९ मुलांनी ठरवलेली पातळी गाठली.

म्हणजे ईराच्या बाबांनी वाचलंय ते खरं आहे. अफवा नाही.

ईराची_आई

पोस्टमनचं आजच सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचे वडील टपाल खात्यात होते. पहिल्यांदाच त्या नीट ऐकून घेत होत्या.

पण मग सर, थांबावं असं तुमचं म्हणणं आहे का?

पेशीपुराण

नाही. त्या जुलैच्या अहवालातली एक गोष्ट बघा. सगळ्यांत चांगला फायदा ५ ते ८ वयाच्या मुलांना झाला आणि २४ वर्षांच्या माणसालाही काही प्रमाणात झाला. म्हणजे या जनुकापुरतं तरी कानाचं दार तिसऱ्या वर्षी बंद होत नाही. भाषेचं मात्र होत जातं. दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालली आहेत आणि त्यातलं भाषेचं घड्याळ पुढे आहे.

दोन_जीव_एक_बॅटरी

आमचा मुलगा आता ७ वर्षांचा, इम्प्लांट २२ व्या महिन्यात झालं. कारण वेगळं होतं, जीजेबी२ नावाचं दुसरं जनुक, भारतात हे जास्त सापडतं. त्यावर अशी थेरपी तेव्हा नव्हती, त्यामुळे आम्हाला निवडायला काही नव्हतंच.

ताई, ओटीओएफच्या मुलांना इम्प्लांटचा फायदा उत्तम होतो असं आमचे सर्जन सांगायचे, कारण मज्जातंतू धड असतो. आमच्या थेरपी वर्गात तशी एक मुलगी होती, ती तर आता भांडते! मराठी, इंग्रजी दोन्हींत.

एक विचार. ब्रिटनमध्ये एका चिमुरडीला २०२३ मध्ये केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलात पहिल्या वाढदिवसाच्या आधी उजव्या कानात जीन थेरपी दिली आणि त्याच वेळी डाव्या कानात इम्प्लांट बसवलं. एक कान आजसाठी, एक कान नव्या औषधासाठी. तुम्हालाही एका कानात इम्प्लांट करून दुसरा राखता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. चाचण्या इम्प्लांट न झालेल्या कानातच होतात.

श्रवणरेषा

वरच्या प्रतिसादाशी अर्धी सहमत. दोन्ही कानांनी ऐकलं की आवाज कुठून आला ते कळतं, वर्गातल्या गोंगाटात बाईंचं बोलणं वेगळं काढता येतं. एक कान राखून ठेवला तर त्या कानाकडून मेंदूला जाणारा रस्ता रिकामा राहतो, त्याचीही किंमत मोजावी लागते. मी असते तर दोन्ही केले असते. पण ओटीओएफच्या बाबतीत आता हा प्रश्न खरोखर खुला झालाय हे मान्य करते. पाच वर्षांपूर्वी केलं नसतं.

भोसरीचा_फिटर

मी ३१ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. कानात सतत किरकिर असते, नातवंडं काय बोलतात ते कळत नाही, टीव्ही मोठा केला की सूनबाई दुसऱ्या खोलीत जाते. हे जनुकाचं औषध माझ्यासारख्याला चालेल का? खर्चाचं नंतर बघू.

पेशीपुराण

दादा, खरं तेच सांगतो. ईराच्या कानात पोस्ट ऑफिस शाबूत आहे. तुमच्या कानात वर्षानुवर्षांच्या दणक्याने खोल्याच पडल्या आहेत, केसपेशी मेल्या आहेत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात कळलं. आपल्यात उगवत नाहीत. त्या उगवाव्यात म्हणून अमेरिकेत एक औषध माणसांवर बरंच पुढे गेलं होतं, २०२३ मध्ये मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही आणि काम थांबलं. प्रयत्न चालू आहेत, पण आज तुमच्यासाठी चांगलं श्रवणयंत्र हाच उपाय.

श्रवणरेषा

आणि दादा, यंत्र परस्पर दुकानातून घेऊ नका. आधी ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या सुराचं किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढा. त्यात ४,००० हर्ट्झच्या उंच सुरापाशी खड्डा दिसला तर ते आवाजाचं नुकसान. तुमच्या शॉपमध्ये अजून पोरं काम करतात ना? आपल्याकडे कारखान्यांची मर्यादा ९० डेसिबलला ८ तास आहे. कानाच्या दृष्टीने ८५ च्या पुढेच इजा सुरू होते.

पाषाण_प्रयोगशाळा

मी औषध नेमक्या जागी पोचवण्यावर पीएचडी करते, नॅनोकण हाच विषय. कानाचं कोडं मला फार आवडतं म्हणून लिहिते.

गोळी घेतली तर औषध रक्तातून कानापर्यंत जातं, पण रक्त आणि आतला कान यांच्यामध्ये मेंदूला असते तशी चाळण आहे. बहुतेक औषध बाहेरच अडकतं. मग डॉक्टर पडद्यातून सुई घालून मधल्या कानात औषध सोडतात. तिथून आत जायला गोल खिडकी नावाचा पातळ पडदा आहे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. पण मधल्या कानातून एक नळी थेट घशात उतरते आणि आपण आवंढा गिळला की औषध तिकडे वाहून जातं. आत पोचलंच तर तिथला द्रव किती? काही थेंब.

यासाठी वेगवेगळे मार्ग शोधले जात आहेत. थंड असताना पाण्यासारखं आणि शरीराच्या उबेने घट्ट होणारं जेल, म्हणजे खिडकीपाशी ते चिकटून बसेल. पीएलजीए या विरघळणाऱ्या प्लॅस्टिकचे १००-२०० नॅनोमीटरचे कण, यातून स्टेरॉइड दिवसेंदिवस झिरपत राहतं. लोहकण असलेले गोळे, जे बाहेरून चुंबकाने आत ओढता येतात. कोविडच्या लसीत होते तसे चरबीचे कण, ज्यांत जनुकाचा निरोप भरता येतो. शेवटच्या प्रकाराकडे माझं फार लक्ष आहे. एएव्ही एकदा दिला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, दुसरा डोस देणं अवघड होतं. चरबीच्या कणाला हा अडथळा कमी. शिवाय ४,७०० अक्षरांची अटही नाही.

पण हे मी पुन्हा सांगते: यातलं बरंचसं उंदीर आणि गिनीपिगांत दिसलेलं आहे. उंदराचा आतला कान तांदळाच्या दाण्याएवढा, आपला वाटाण्याएवढा. शंखाच्या टोकापर्यंत कण नेणं माणसात फार अवघड.

सिंहगड_रोडवासी

धन्यवाद ताई, हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत याच शब्दाने आमचे पैसे गेले. एका दवाखान्याची जाहिरात होती, 'नॅनो थेंब', तीन महिन्यांत ऐकू येईल. ४८ हजार भरले. बाटलीवर घटकांची यादी नव्हती, बिल मागितलं तर कच्च्या कागदावर दिलं. सासरे रोज सकाळी आठ वाजता कान वर करून बसायचे आणि सासूबाई थेंब मोजायच्या, एक-दोन-तीन. तीन महिन्यांनी विचारलं तर म्हणाले, अजून एक कोर्स करा. पैशापेक्षा त्यांची ती आशा गेली याचं वाईट वाटतं.

पाषाण_प्रयोगशाळा

बाहेरून कानात थेंब घालून आतल्या कानापर्यंत काहीही पोचत नाही. मध्ये धड पडदा आहे. एवढं वाक्य प्रत्येकाने घरच्यांना सांगा.

श्रवणरेषा

आणि उलटं एक वाक्य माझं. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी ईएनटी गाठा. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता सगळ्यांत जास्त असते.

ताशा_पथकी

४,००० हर्ट्झवरून विचारतो. मी तीन वर्षं ताशा वाजवतोय. मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजते. बाकी कुणी काही बोलत नाही म्हणून मीही बोललो नाही.

नारायण_पेठ_४११०३०

लक्ष्मी रोडवर विसर्जनाच्या दिवशी दरवर्षी डेसिबल मोजतात, आकडे शंभरी ओलांडलेले असतात. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा आहे ५५. माझी आई ८१ वर्षांची आहे, आम्ही त्या दोन दिवसांसाठी तिला मावशीकडे कोथरूडला नेतो.

ताशा_पथकी

काका, ढोल-ताशाला डॉल्बीच्या पंगतीत बसवू नका एवढीच विनंती. पण सरावाला कानात बोळे घालायचा नियम पथकात मांडणार आहे, शब्द देतो.

श्रवणरेषा

कापसाने काही होत नाही रे, फोमचे घाल. दोन दिवस शिट्टी वाजते म्हणजे इजा झाली. तूही ऑडिओग्राम काढ.

हातांची_भाषा

मी जन्मतः कर्णबधिर. छपाईच्या डिझाइनचं काम करतो. मराठी माझी दुसरी भाषा, चूक झाली तर समजून घ्या.

सगळा धागा वाचला. सगळे जण मुलगी कशी 'बरी' होईल यावर बोलता. मी आजारी नाही. लहानपणी मला खुणा करू देत नव्हते, हात बांधून बसवायचे, ओठ बघ म्हणायचे. १२ वर्षांपर्यंत मला आईशी नीट बोलता आलं नाही. खुणांची भाषा शिकलो तेव्हा पहिल्यांदा मी विनोद केला आणि समोरचा हसला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये केंद्र सरकारची संस्था झाली, शब्दकोश आहे, व्हिडिओ आहेत. ईराला भाषा आजपासून द्या. डोळे आहेत तिला.

दोन_जीव_एक_बॅटरी

दादा, तुमचा त्रास कळतो, पण आमच्या थेरपिस्टने खुणा करू नका असंच सांगितलं होतं. खुणा केल्या की मूल ऐकण्याचा कंटाळा करतं म्हणे.

हातांची_भाषा

तुमचा मुलगा रात्री मशीन काढतो ना? पोहताना? बॅटरी संपल्यावर? तेव्हा तो कुठल्या भाषेत बोलतो?

दोन_जीव_एक_बॅटरी

याचं उत्तर माझ्याकडे नाही. रात्री मशीन काढल्यावर तो माझ्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो. आज त्याला विचारते, खुणा शिकायच्या का म्हणून.

श्रवणरेषा

खुणांमुळे बोलणं मागे पडतं, हे आम्हालाही कॉलेजात तसंच शिकवलं होतं. आता मी तसं सांगत नाही. इम्प्लांट होऊन आवाज सुरू होईपर्यंत ईराचे महिने रिकामे का घालवायचे? 'दूध', 'अजून', 'आई', 'झालं' एवढ्या खुणा आजपासून सुरू करा.

आजोळ_सातारा

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात, त्याने असं होतं ना?

पेशीपुराण

नात्यात लग्न झालं तर शक्यता वाढते, कारण दोघांकडे तोच बिघाड असू शकतो. पण नातं नसलेल्या घरांतही होतंच. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून, दोघंही स्वतः उत्तम ऐकणारे. प्रत्येक वेळी चारात एक अशी शक्यता. यात आईला बोल लावणारी मंडळी असतात, त्यांना हे वाक्य दाखवा: अर्धा वाटा नेमका बापाचा असतो.

ईराची_आई

आमचं नात्यातलं लग्न नाही. आणि सर, शेवटच्या वाक्याबद्दल मनापासून आभार. ते घरात दाखवून झालंय.

हिशेबनीस

कुणीच पैशाचं बोलत नाही म्हणून बोलतो. आपण सगळ्यांनी २०२१ मध्ये एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजाराच्या बाळांसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनच्या वर्गण्या पाहिल्यात, दिल्याही आहेत. कानाची जीन थेरपी बाजारात आली तरी ती कुणाला परवडणार?

पेशीपुराण

भीती रास्त आहे. पण आपल्याकडे काहीच होत नाही असं नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, परदेशात कोट्यवधींना मिळणारी गोष्ट इथे काही दशलाखांत आली. वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर जीन थेरपी केली, २०२४ च्या डिसेंबरात छापून आलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठीचं क्रिस्पर हे जनुक-दुरुस्तीचं तंत्र आपल्याच हडपसरच्या सीरमकडे सोपवलं गेलं. कानाची पाळीही येईल. ईरा शाळेत जाईपर्यंत येईल का, हे मात्र कुणी सांगू नये.

श्रवणरेषा

आजच्या खर्चासाठी: केंद्राच्या एडिप योजनेतून पाच वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांट मिळतं. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. अर्जाला वेळ लागतो, कागद लगेच जमवा. न्यूमोकोकलची लस शस्त्रक्रियेआधी पूर्ण हवी.

ईराची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. तुमचे प्रतिसाद प्रिंट काढून डॉक्टरांकडे नेले होते.

उजव्या कानाला इम्प्लांट करायचं ठरलंय, तारीख मिळाली. डावा सध्या राखायचा, वर्षभराने पुन्हा विचार करायचा. श्रवणरेषा ताई, तुम्हाला हे अर्धंच पटेल, डॉक्टरांनाही अर्धंच पटलं. नवऱ्याचं पूर्ण समाधान नाही, पण सही त्याने केली. परदेशातल्या एका चाचणीच्या केंद्राला त्याने ईराचा रिपोर्ट पाठवून ठेवलाय, तो त्याचा मार्ग चालू राहील.

हातांची_भाषा दादा, 'अजून' ही खूण ती चौथ्या दिवशी शिकली. केळ्यासाठी. आता दर पाच मिनिटांनी अजून, अजून. सासूबाई तिच्याशी खुणा करताना तोंडाने पण मोठमोठ्याने बोलतात, करू देत.

एक व्यावहारिक प्रश्न. थेरपीला धनकवडीला जावं लागणार, आठवड्यातून दोनदा. धायरीहून कुणी जातं का? रिक्षा परवडत नाही आणि बसमध्ये ती रडते.

भोसरीचा_फिटर

ताई, अभिनंदन. मी ऑडिओग्राम काढला, खड्डा आहे, ४,००० लाच. यंत्र पुढच्या महिन्यात. शॉपच्या चार पोरांनाही घेऊन गेलो होतो, त्यातल्या दोघांच्या कानात सुरुवात आहे.

सिंहगड_रोडवासी

मी जाते ताई, मंगळवारी आणि शुक्रवारी, माझ्या भाच्याला घेऊन. गाडी आहे. वडगाव पुलाखाली साडेनऊला थांबते. व्यनि केलाय, नंबर बघा.